चिंबोऱ्यांनी काही झालं नव्हतं

आये, गेल्या रविवारी आपल्या ठाकरवाडीतून आश्रमशाळेपर्यंत माणसं चालत गेली. त्या शाळेत शिकायला गेलेली आणि परत न आलेली पोरं आठवायची म्हणून. साठ-सत्तर जण असतील, बहुतेक माझ्यासारखेच, तिथं राहून मोठे झालेले. भातं कापून झाली होती, खाचरं कोरडी होती, तरी पूर्वीसारखेच अडीच तास लागले. प्रत्येकाच्या हातात एक पाटी, पाटीवर खडूनं एका पोराचं नाव. माझ्याकडे आपल्या धाकटीची होती. मी सगळ्यांच्या मागे चालत होते. कुणीतरी विचारलं, पाय दुखतात का? मी हो म्हटलं. पाय दुखत नव्हते.

तो श्रावणातला रविवार तू कधी विसरली नाहीस. मी सहावीत, धाकटी दुसरीत. ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा डब्यात घालून, नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधून तू चिखल तुडवत आलीस. धाकटी तुझ्या मांडीवर बसते, दोन घास खाते आणि तोंड फिरवते. तू तिच्या कपाळाला हात लावतेस. "अंग कढत लागतंय गं हिचं. कवापासनं?" मी म्हणते, "आत्ता चुलीपाशी बसली होती, म्हणून." "घरला न्हेऊ का?" "नको आये, शाळा बुडंल."

तिला गुरुवारपासून ताप होता. अधीक्षिकाबाईंनी मला बोलावून बजावलं होतं, "आईला सांगू नकोस. एकदा घरी नेलं की तुमच्या पोरी परत येत नाहीत." पण खरं सांगते, मी बाईंच्या धाकानं गप्प बसले नाही. धाकटीला नेलं असतंस तर तिला सांभाळायला मलाही यावं लागलं असतं, आणि चार दिवसांवर पंधरा ऑगस्ट होता. झेंड्यापुढे प्रतिज्ञा मी सांगणार होते. आपल्या बोलीला हसणाऱ्या बाईंनीच, तुझे उच्चार आता सुधारले, म्हणून मला निवडलं होतं. तेवढ्यासाठी, आये.

तिसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये घातलं. दवाखाना यायच्या आत ती गेली. तू आलीस तेव्हा बाई व्हरांड्यातूनच म्हणाल्या, "बाहेरचं खाणं बाधलं, ते खेकडे." तू माझ्याकडे वळलीस. "माज्याच हातचं खाल्लं व्हतं न्हवं तिनं?" मी हो म्हणून मान हलवली. प्रतिज्ञा दुसऱ्याच मुलीनं सांगितली.

त्यानंतर तू चिंबोऱ्या धरायला कधी ओढ्यात हात घातला नाहीस. वाडीतल्या बायका तुझ्या तोंडावर बोलत, शेजारची मावशी सगळ्यांत जास्त. मी नर्स झाले, लोणावळ्यात नोकरीला लागले, कितीतरी पोरांचे ताप मोजले. तुझे शेवटचे आठ दिवस माझ्याच खोलीत गेले. एका दुपारी मी तुझे पाय चेपत होते, तू म्हणालीस, "तिला म्याच मारली गं." आणि मी काय म्हणाले? "पडून राहा, बोलू नकोस. दमशील."

शाळेच्या फाटकापाशी एकेक जण पुढे होऊन नाव घेत होता आणि पाटी खाली ठेवत होता. मीही नुसतं नाव घेऊन मागे सरणार होते. पण नाव घेतलं आणि पुढचं थांबेना. ताप, बाई, प्रतिज्ञा, तुझा डबा, सगळं बोलून गेले. मग एका कॉलेजच्या मुलीनं माझा हात धरला. "केवढं धाडस लागतं हे सांगायला!" ती म्हणाली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

मावशी आता पार वाकली आहे. काठी टेकत ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, जवळ घेईल. "आमी लय बोललो तुज्या आयला," ती म्हणाली. "तुला ठावं व्हतं, तर ती जिती असताना का न्हाई सांगितलंस?" तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती नातवाच्या आधारानं वाडीकडे चालू लागली. मी तिच्याबरोबर गेले नाही. कामशेतकडे जाणारी जीप मिळाली, तीत बसून परत आले.

हे पत्र वहीतच राहणार आहे, ते कुठं धाडायचं? आणि एक कबूल करते. तुला वाचता येत नव्हतं. येत असतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते.