एनेइदाचा उजवा हात

सिएनफ्वेगोस, मंगळवार

प्रिय इदालिया,

मी रोज दुपारी तुझ्या बाबांच्या घरी जाऊ लागले, हे मावशीने तुला कळवलंच असेल. रागावली असशील. त्या गायिकेपायी त्यांनी आपल्याला सोडलं, तेव्हा दाराशी बसून रडलेली तूच.

पण ऐक. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तोवर ती गायिका केव्हाच निघून गेली होती. पेरूची वडी आणि चीज घेऊन मी नुसती विचारपूस करायला गेले. ते पियानोपाशी बसून डाव्या हाताने आपल्याच एका जुन्या नाचाच्या चालीचा ठेका धरत होते. वरचा सूर कुठेच नव्हता. मला राहवलं नाही. शेजारी बसले आणि उजव्या हाताची बाजू वाजवली. ते म्हणाले, “एनेइदा, अजून घाईच करतेस.” मी म्हटलं, “आणि तू अजून उशिराच येतोस.” हसले गं, अगदी पूर्वीसारखे.

मग ते रोजचंच झालं. ते नवी चाल रचायचे, मी वाजवून दाखवायचे, आणि आमचं जुंपायचं. समोरची रेमेदियोस खिडकीतून ओरडायची, “पुन्हा लग्न करा, म्हणजे तरी बोलणं बंद होईल!”

संगीतशाळेत मी त्यांच्याहून सरस वाजवायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. तू झालीस, ते दौऱ्यांवर जाऊ लागले, आणि माझा पियानो गल्लीतल्या मुलींना शिकवण्यापुरता उरला. एका दुपारी त्यांनीच विषय काढला. “रंगमंचावर तू बसायला हवी होतीस. मला ठाऊक होतं, म्हणूनच कधी बोललो नाही.” मी आत जाऊन कॉफी ठेवली, ती उतू गेली तरी तशीच उभी होते.

शुक्रवारी ते गेले, बाळा. थकवा होता म्हणून डुलत्या खुर्चीत बसून नुसते ऐकत होते. चाल संपवून मी ‘कसं झालं?’ म्हणून वळले, तर ऐकणारं कुणी नव्हतं.

माफ केलं का, विचारशील. नाही केलं. रडले मात्र खूप.

रविवारी नाट्यगृहात त्यांच्या रचना मी वाजवणार आहे, दोन्ही हातांनी. फलकावर नाट्यगृहवाले ‘बेलार्मिनो यांच्या पत्नी’ लिहीत होते. मी माझं माहेरचं नाव लिहायला लावलं. त्यांच्यासाठी येऊ नकोस हवं तर. पण तू मला भरल्या सभागृहात कधी ऐकलंच नाहीस. मला ऐकायला ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई