डाव्या हाताच्या सुरीची व्यवस्था

देवबापाच्या साक्षीने आणि माझ्या बाबांच्या भट्टीला स्मरून, मी फिलोमिना लेमी, लोहार मंगात यांची धाकटी मुलगी, कै. सांगाउ यांची विधवा, वय सदुसष्ट, धंदा वेताचे विणकाम, राहणार बालेह नदीकाठचे आमचे लांबघर (सगळे गाव एका छपराखाली), खोली सातवी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. भाऊ दारापाशी बसून खोकतो आहे, तो त्याचा नेहमीचा खोकला आहे.

हे मी उजव्या हाताने लिहीत आहे, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नार्डा यांनी तोच हात लिहिण्याचा ठरवून दिला. अक्षर त्यांचे समजावे, मजकूर माझा.

कलम एक. सातवी खोली, तिच्यापुढच्या ओसरीचा भाग आणि माळ्यावरचे भात माझा मुलगा बोनिफास आणि सून मेई चिन या दोघांना मिळावे. जो खोलीत राहतो त्याची खोली, अशी आमची रीत आहे. बोनिफास प्रवासी होडी चालवतो आणि आठवड्यातून चार रात्री काप्पित शहरात झोपतो. म्हणजे रीतीने पाहिले तर खोली सुनेचीच आहे. त्याने हे मनावर घेऊ नये, पण विसरूही नये.

कलम दोन. टेकडीवरच्या मिरीच्या वेली बोनिफासच्या. त्यांना त्याने अधूनमधून भेट द्यावी. माझ्या आईचा मोठा रांजणही त्याचाच. त्यात भाताची दारू ठेवावी, जुने नायलॉनचे दोर आणि इंजिनाचे सुटे भाग ठेवू नयेत. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचे जेवण घालावे. डुकराचे मटण कमी पडले तर मी कुणालाच माफ करणार नाही.

कलम तीन. तेराव्या खोलीतील लुलोंगबाई यांनी माझी बांबूच्या कोंबाची नक्षी बघून बघून उचलली आणि सरकारी प्रदर्शनात स्वतःची म्हणून मांडली. ती नक्षी मी त्यांना या कलमान्वये रीतसर देत आहे. आता तरी त्यांनी कोपरा नीट वळवायला शिकावे.

कलम चार. हे कलम माझ्या सुरीचे आहे आणि हे मृत्युपत्र खरे तर एवढ्यासाठीच आहे.

सुरीचे वर्णन: पाते माझ्या करंगळीएवढे, टोकाशी किंचित वर गेलेले, घडी न होणारे. दांडा हातभर, हरणाच्या शिंगाची टोपी. दांडा काखेत दाबून धरायचा, पाते स्थिर ठेवायचे आणि वेत त्याच्यावरून ओढायचा. आमच्याकडे सुरी चालवत नाहीत, वेत चालवतात. पात्याचे एक अंग सपाट आणि दुसरे फुगीर असते. सगळ्यांच्या सुऱ्या उजव्या हाताच्या असतात. माझी उलटी आहे, कारण मी डावरी. उजव्या हाताची सुरी डाव्या हाताने धरली की ती वेतात घुसते आणि सालीचे तुकडे पडतात. मी लहानपणी असे पुष्कळ वेत नासवले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ जांतिंग, म्हणायचा, "बाबा, हिला वेत देऊ नका, ही दाताने सोलते." बाबांनी भट्टी पेटवली आणि दुसरी सुरी केली.

सुरी झाली, पण ती वागवायची कुठे? पुरुषांना सोपे असते. कमरेला कोयता असतो, कोयत्याच्या म्यानाला आतून एक खिसा असतो, त्यात छोटी सुरी जाते. बाईने ती टोपलीत टाकावी आणि हवी तेव्हा टोपली उपसावी, असा शिरस्ता. मला तो मान्य नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये मी ती झग्याखाली मांडीला बांधून नेली. प्रार्थनेत गुडघे टेकताना माझा चेहरा जरा जास्तच भक्तिमय झाला आणि सिस्टर बर्नार्डांना संशय आला. त्यांनी सुरी काढून घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "फिलोमिना, स्वयंपाकघरात चाळीस अननस आहेत. कोणत्या हाताने सोलतेस ते मी बघणार नाही." त्या देवाघरी सुखी असोत.

लग्नानंतर हे काम माझ्या नवऱ्याने हाती घेतले. सांगाउला बोलायला फारसे येत नसे, पण त्याला माझ्या बसण्याउठण्याची चिंता होती. पहिले म्यान त्याने कमरेला लोंबते केले. उकिडवे बसले की ते जांघेत टोचे. दुसरे गळ्यात अडकवले. होडीतले पाणी उपसायला वाकले की दांडा माझ्या दातांवर आपटे. तो म्हणाला, "मग बोलणं तरी कमी होईल." मी त्या रात्री त्याला नुसता भात वाढला. तिसरे म्यान मात्र त्याने आठवडाभर माझ्या मागे मागे फिरून, मी कशी वाकते, कशी बसते, टोपलीचे ओझे पाठीवर कुठे टेकते, हे पाहून केले. लाकडाच्या दोन फळ्या, वेताची बांधणी, आणि कमरेच्या मागे, खोलगट जागी, आडवे. दांडा डाव्या हाताला. बसा, वाका, होडीत चढा, ओझे घ्या, ते आहे हे कळतसुद्धा नाही. सांगाउ गेल्यावर मी त्याचे कपडे वाटून टाकले. म्यान अजून रोज बांधते.

आता सुनेबद्दल. मेई चिन सिबूच्या चिनी दुकानदाराची मुलगी. आली तेव्हा सगळे लांबघर हसले. वेत सोलायला बसली की भुसा व्हायचा. दादा ओसरीवरून ओरडायचा, "अगं सूनबाई, कोंबड्यांना घालणार आहेस का?" ती निमूटपणे दुसरा वेत घ्यायची. मला वाटले, शहरातली पोर, हातच नाही. मग एकदा नदीवर मासे साफ करताना मी तिच्या मागून गेले. कोणी बघत नाही असे समजून तिने सुरी डाव्या हातात घेतली होती आणि खवले असे उडत होते की बघत राहावे. मला पाहून तिने झटकन हात बदलला. घरी आजीने चॉपस्टिकच्या काडीने बोटांवर मारून मारून तो हात लपवायला शिकवला होता.

मी कमरेमागून सुरी काढली आणि तिच्यापुढे धरली. "घे."

"आई, नको. सुरी भेट घेतली की नातं तुटतं. आजी सांगायची."

"तुझी आजी डावा हात वापरू नकोस असंही सांगायची."

"म्हणूनच. तिचं एक तरी ऐकू द्या ना."

तेव्हापासून ती सुरी रोज सकाळी उसनी नेते आणि संध्याकाळी परत आणून देते. आज तिची चटई माझ्यापेक्षा दाट बसते. लुलोंगबाई सुद्धा गप्प आहेत.

अडचण अशी, की मी मेल्यावर उसनी देणार कोण? आणि त्याआधीच ती सुरी मोडली जाईल. दादा लांबघराचा मुखिया आहे. मेलेल्याचे रोजचे हत्यार मोडून त्याच्या शवपेटीत ठेवायचे, हा त्याचा मान आहे आणि तो त्याने कधी चुकवलेला नाही. आम्ही सगळे बाप्तिस्मा घेतलेले, पण आपल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणे अजून कोणाला जमलेले नाही. त्याने मला बजावून ठेवले आहे, "तुझी सुरी तुझ्याबरोबर येणार. नाहीतर शोधत परत येशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे." ही सुरी मोडली तर दुसरी करायला बाबा नाहीत, आणि उलटी धार लावणारा लोहार आता या नदीवर उरलेला नाही. मेई चिन पुन्हा भुसा पाडत बसेल, आणि या वेळी खरे कारण ओळखायला मी नसेन.

म्हणून माझा निर्णय असा. दादा स्वतःच सांगतो की मेलेल्यांच्या मुलखात सगळे उलटे असते. आपला दिवस ती त्यांची रात्र, इथे मोडलेले तिथे धड. मग इथली डावी सुरी तिथे उजवी होणार, आणि मी पुन्हा दाताने वेत सोलत बसणार. सबब माझ्या पेटीत उजव्या हाताची सुरी मोडून ठेवावी, म्हणजे ती तिथे मला बरोबर बसेल. ती बाबांच्याच हातची असावी. अशी या लांबघरात एकच आहे, आणि ती दादाच्या कोयत्याच्या म्यानात आहे.

माझी सुरी मी कोणालाही देत नाही. मेई चिनला मी फक्त सांगाउने केलेले म्यान आणि त्याचा कमरेचा पट्टा देते. म्यान तोडत नाही, धरून ठेवते, त्यामुळे तिच्या आजीची हरकत नसावी. देतेवेळी म्यानात जे काही असेल ते बाहेर काढण्याची गरज नाही. पट्ट्याला एक भोक जास्त पाडावे, ती माझ्यापेक्षा बारीक आहे.

कलम पाच. साक्षीदार असा हवा ज्याला यातून काही मिळत नाही. त्यासाठी दादा उत्तम. त्याला वाचून दाखवले तेव्हा जे झाले ते खरेपणासाठी नोंदवते.

त्याने कोयत्याच्या म्यानावर हात ठेवला. मग म्हणाला, "माझी सुरी?"

"हो."

"मग मी मेल्यावर माझ्यासोबत काय?"

"तुला तिथे डाव्या हाताची लागेल."

"आणि ती तू सुनेला देऊन बसलीस."

"दिलेली नाही. कलम चार नीट ऐक."

त्याने डोके खाजवले. "म्हणजे आजवर मी ज्यांना ज्यांना उजव्या हाताच्या सुऱ्या दिल्या, ते सगळे...?"

"डाव्या हाताने शिकत असतील, दादा. सिस्टर बर्नार्डा आहेत तिथे."

तो हसला नाही. म्हणाला, "तू हात हलवत जायची नाहीस, एवढंच मला बघायचं होतं." मग त्याने अट घातली, की पाते तोच मोडेल, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. अट मान्य आहे. नंतर चष्मा मागितला आणि सही करून सहीखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. त्या मृत्युपत्राचा भाग समजाव्यात की नाही हे बोनिफासने कोणा जाणकाराला विचारावे. मी खोडणार नाही.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, वाचून पाहिले, आणि याआधी असे काही लिहिलेले नाही.

स्थळ: सातव्या खोलीची ओसरी, बालेह नदी
दिनांक: १९ मे २०१३, पेंटेकॉस्टचा रविवार, मिस्सानंतर

लिहून देणार: फिलोमिना लेमी

साक्षीदार: ऑगस्टिन न्यांबोंग, प्रार्थनाघराचे शिक्षक

साक्षीदार: जांतिंग, मंगात यांचा मुलगा, मुखिया
सुरी देतो.
पण तिने घाई करू नये.