शिगेझोच्या बाजूने दहा मिनिटं

६ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.१०

शिगेझो शेवटचा आला. आवडत्या पात्रांच्या मतदानात, सत्त्याऐंशी पात्रांत सत्त्याऐंशीवा. इनशाने मतांचा स्क्रीनशॉट पाठवून कन्फर्म केलं. शहाऐंशीवा एक घोडा आहे, आणि तो दुसऱ्याच भागात मरतो.

निकाल योग्य. मीही त्याच्या विरोधातच मत दिलं होतं.

वाईट बातमी अशी की १९ तारखेला, रविवारी, अलिबागला आमच्या अ‍ॅनिमे ग्रुपची बैठक आहे. प्रत्येकाने एका नावडत्या पात्राच्या बाजूने दहा मिनिटं बोलायचं. चिठ्ठ्या इनशाने काढल्या. मला शिगेझो. बदलून मागितला तर म्हणाली, "दादा, घोडा दुसऱ्याला गेला."

संकल्प : रोज दोन पानं मुद्दे. कॉटेजच्या गेटवर बसून वेळच वेळ आहे.

७ जानेवारी, मंगळवार

मुद्दे सुचायला सोपं जावं म्हणून आधी गोष्ट लिहून काढतो. जपानी कार्टून मालिका, 'राखेचा किल्ला'. शत्रू येतो. सरदार कागेमित्सू मागच्या दाराने समुद्रातून पळतो. जाताना दारावरच्या शिगेझोला म्हणतो, "दार तुझं." बस. हा गडी एकोणीस भाग ते दार धरून बसतो. सगळे सांगतात, सरदार गेला, तूही जा. सख्खा भाऊ दोनदा न्यायला येतो. हा जात नाही. शिवाय गावातली माणसं आसऱ्याला येतात तर हा दार उघडत नाही. त्यांत मियो असते. ती बाहेर थंडीने मरते. मियो सगळ्यांची लाडकी. माझीसुद्धा.

दोन शब्दांवर एकोणीस भाग! तारीख नाही, करार नाही. असल्या माणसाच्या बाजूने काय बोलायचं, कपाळ?

पान आज अर्धंच. उद्या साडेतीन करून भरून काढीन.

८ जानेवारी, बुधवार. सकाळी १०.००

अफानचा फोन. अफान म्हणजे इनशाचा मोठा भाऊ, माझा कॉलेजचा दोस्त. श्रीवर्धनला त्याच्या सिराजुद्दीनचाचांनी सुपारीच्या वाडीत आठ खोल्यांचं रिसॉर्ट बांधलंय. मॅनेजर हवा. अफानने माझं नाव सांगितलं. खोली, जेवण, पगार, सगळं कागदावर. म्हणाला, "चाचा कुवेतहून आलेत, शनिवारी अठराला संध्याकाळी पाचपर्यंत हो-नाही सांग. पाचनंतर ते कुणाचंच ऐकत नाहीत."

त्याला समजावून सांगितलं की किहीमचं हे कॉटेज माझ्याकडे आहे. मालक निकेत गणपतीत पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेला तेव्हा गाडीची काच खाली करून म्हणाला होता, "येतोच मी. कुणाला आत सोडू नकोस. आता तू पार्टनर आहेस." असं कॉटेज टाकून कसा जाऊ?

अफान म्हणाला, "भाई, गणपती होऊन चार महिने झाले."

झाले असतील. कामं वाढतात माणसाची.

(शिगेझोशी तुलना मनात आली. लगेच काढून टाकली. त्याला दोन शब्द मिळाले होते. मला तीन वाक्यं, आणि काच खाली करून.)

१० जानेवारी, शुक्रवार

आई कॉटेजच्या वाडीतल्या पडलेल्या झावळ्या न्यायला आली. निकेतला विचारल्याशिवाय देता येणार नाही म्हणालो. नियम तो नियम. आई गेटबाहेर उभी राहून म्हणाली, "न्हाय यायचा तो. तुला हितं खांबासारखा उभा करून गेलाय." मग झावळ्यांकडे बघून म्हणाली, "वाळवी खाईल त्यांना. तुलाबी."

निकेतला फोन केला. उचलला नाही. व्हॉइस मेसेज टाकला, झावळ्यांबद्दल सविस्तर.

शिगेझोवर एक ओळ सुचली : 'हा मनुष्य मूर्ख असून वर तो मूर्खपणाला कर्तव्य म्हणतो.' चांगली आहे, पण विरोधातली आहे.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी ३.४०

कसोटीचा दिवस. एक बाई गाडीतून आल्या. हेतलबेन, मुंबईच्या. सोबत टेप घेतलेला आर्किटेक्ट. म्हणाल्या, "निकेतभाईंनी पाठवलंय, माप घ्यायचंय." मी म्हणालो, निकेत स्वतः आला तरच गेट उघडेल. त्या चिडल्या. "अरे भाई, तुम्ही गेटच नाय उघडत, हे काय? आम्ही काय चोर दिसतो?" आर्किटेक्टने गेटच्या फटीतून टेप आत सारला. मी परत बाहेर ढकलला. वीस मिनिटं चाललं. शेवटी गेल्या.

निकेतला कळवलं. पाच मिनिटांत अंगठा आला! डिसेंबरनंतरचं पहिलं उत्तर. निकेत खूश आहे.

माप बहुतेक नव्या खोल्यांसाठी. धंदा वाढवतोय. मला सरप्राइज असणार.

१४ जानेवारी, मंगळवार

इनशाचा फोन. मुद्दे किती झाले विचारलं. एकही नाही म्हणालो, या माणसात मुद्दाच नाही. सरदाराने त्याला काय दिलं होतं? काही नाही. मग तिने मला वकिलासारखं उलट विचारलं. (अलिबागला एका वकिलांकडे शिकाऊ आहे, सवय लागलीय.) दार मिळायच्या आधी तो काय करायचा? म्हणालो, पाणी वाहायचा. लोक काय म्हणायचे? हसायचे. दार मिळाल्यावर गावात सांगितलं का त्याने? सांगितलं, चौथ्या भागात, सगळ्या बाजाराला.

"मग दादा, तो घरी जाऊन काय तोंड दाखवणार?"

मी म्हणालो, हा काही मुद्दा नाही.

चहा केला. प्यायचा राहिला.

पार्टनर झाल्याचं मी कुणाकुणाला सांगितलंय याची यादी करायला घेतली, सहज. बावीस नावांवर थांबलो.

१६ जानेवारी, गुरुवार

शेवटी मुद्दा लिहिला. 'शिगेझोची निष्ठा सरदारावर नाही. आपल्याला हसणारे बरोबर होते हे कबूल करावं लागू नये, म्हणून तो दार धरून बसतो.' भाषणाच्या दृष्टीने बरा आहे. माणूस म्हणून मात्र अजूनच चीड आली त्याची. मियो गेली रे, गाढवा.

संध्याकाळी इनशाचा मेसेज. दुपारी रजिस्ट्रार ऑफिसबाहेर निकेत दिसला म्हणे. दुसरा कुणी असेल. निकेत अलिबागला आला असता तर किहीमला मला भेटल्याशिवाय गेला नसता. इनशाला चष्मा आहे.

१८ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.३५

अफानचा तिसरा फोन. "चाचा समोर बसलेत. घड्याळाकडे बघतायत. बोल."

निकेतशी बोलून सांगतो म्हणालो. अफान म्हणाला, "त्याच्याशी तू सप्टेंबरपासून बोलतोयस. तो कुठे बोलतोय?"

निकेतला सात फोन. फोन बंद.

४.५२. आत्ता हो म्हटलं तर उद्या निकेत नवीन खोल्यांचा प्लॅन घेऊन आल्यावर काय सांगू? की पार्टनर पळाला?

४.५८. अफानला 'नको' पाठवलं. खाली 'थँक्स भाई' लिहिलं.

५.०१. हलकं वाटतंय. निर्णयक्षमता हा माझा जुना गुण.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ४.००

बैठक एका क्लासच्या वर्गात. चौदा जण. माझा नंबर दुसरा.

पावणेबाराला, पहिल्याचं भाषण चालू असताना, हेतलबेनचा मेसेज. खरेदीखताच्या पहिल्या पानाचा फोटो. किहीमचं कॉटेज. विकणार : निकेत. तारीख : गुरुवार. निकेतची सही मी ओळखतो, शेवटचं 'त' लांब ओढतो. खाली लिहिलं होतं, 'आता तरी उघडणार ना?'

इनशाने माझं नाव पुकारलं.

कागद खिशातच राहिला. काय बोललो ते नीट आठवत नाही. सरदार येणार नाही हे शिगेझोला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, असं काहीतरी बोललो. मालिकेत हे कुठेही नाही. मागून एक जण ओरडला, "मग उघडायचं ना दार! मियो मेली!" दुसरा म्हणाला, "गेटवाल्याला गेटवाल्याचा पुळका." सगळे हसले. मी ओरडलो, "उघडून जाणार कुठे? भावाला कालच नाही म्हणालाय तो!"

इनशाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तीन मिनिटांत बसलो. दहा होती.

पुन्हा मतदान झालं. शिगेझो शहाऐंशीवा, घोडा सत्त्याऐंशीवा. एक मत वाढलं. ते माझं नाही, मी मत द्यायचंच विसरलो. निघताना इनशाला विचारलं, श्रीवर्धनचं काही…? म्हणाली, "काल सव्वापाचला चाचांनी म्हसळ्याच्या कुलदीपला फोन केला. तो आज सकाळी बॅग घेऊन हजर."

घरी आलो. पार्टनर राहिलो नाही हे आईला सांगितलं. आईने नुसतं ताट वाढलं.

२० जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ५.३०

सकाळी पहिलं काम केलं : झावळ्या आईच्या अंगणात टाकल्या. निम्म्यांना वाळवी लागली होती.

दुपारी हेतलबेनचा फोन. शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "भाई, त्या दिवशी मी लई चिडले. पण घरी जाऊन मिस्टरांना बोलले, माणूस पाहिजे तर असा. वीस मिनिटं भांडला, पण सोडला नाय." आम्ही महिना-दोन महिन्यांतून एकदा येणार, तोवर गेटवर तुम्हीच राहा, म्हणाल्या. मग फोन ठेवता ठेवता, "पुढे मॅनेजर करू."

मी स्पष्ट सांगितलं, विचार करून कळवतो. या वेळी डोळे उघडे आहेत. काय ते लेखी घेणार. पगार, सुट्टी आणि 'पुढे' म्हणजे कुठल्या महिन्यात, तेही.

संकल्प : लेखी मिळाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

अफानला मेसेज लिहिला. पुसला.

उद्या हेतलबेन मुंबईच्या गेटवेहून दहाच्या बोटीने निघणार. मांडव्याहून गाडीने साडेअकरापर्यंत इथे. गेटची कडी करकरते म्हणून तेल घातलं. वाट झाडली. चावी नव्या दोऱ्यात ओवून ठेवली.

लेखीचं मात्र पुढच्या वेळी काढीन. पहिल्याच दिवशी बरं दिसत नाही.