शारजाची बाई लय जड

महाड
नोव्हेंबर १९९८

मेहरबान दुल्हाभाई इरशाद यांना मेव्हणा मुसैब याचा घाबरत घाबरत सलाम.

पयलं म्हणजे लिवण्यात चुका असतील त्या माफ करा, आठवीतनं सुटलेला माणूस हाय. आणि पत्राला वेळ लागला तो पण माफ करा. टायपिंग क्लासचे राजेश सर दुपारी एक मशीन रिकामी देतात, तिच्यावर एका बोटाने टायपतोय. एक एक अक्षर शोधेपर्यंत काय लिवायचं होतं तेच डोक्यातनं जातं. हाताने लिवलं असतं, पण घरात कागद घेऊन बसलो की अम्मी विचारते, काय लिवतो रे? आणि खोटं बोलताना मला घाम येतो. (खरं बोलताना पण येतो, तुम्हाला माहीत हाय.)

तुमची तब्बेत कशी हाय? कंबर कशी हाय? ती बाहुली तुम्ही एकट्याने पेटीत भरली असेल तर दुखतच असेल. मला आता तुमच्या कमरेची पयल्यापेक्षा जास्त काळजी वाटते. अम्मी बरी हाय. शेळी बरी हाय. साजिदाआपा बरी हाय, दिवस भरत आलेत, चालते तेव्हा एक हात कमरेवर आणि एक हात भिंतीला. तिने सलाम सांगितलाय आणि सांगितलंय की ह्या पत्रात जे काय असेल त्याला ती जबाबदार नाय.

आता बाहुलीचं. तुमच्या शेठने दुकान नवं केलं, जुनी बाहुली तुम्हाला दिली, तुम्ही ती आपल्या महाडच्या दुकानासाठी बोटीतनं पाठवली, इथवर सगळं चांगलंच हाय. महाडात लेडीज कपड्याच्या दुकानात असली माणसाएवढी बाहुली कोणाकडे नाय, रमजानच्या आधी दुकान उघडून काचेत ती उभी केली तर लोक बघत राहतील, हे तुमचं म्हणणं पण बरोबर. पण तुम्ही चिठ्ठीत लिवलंत, ‘जपून ने, एक टवका उडाला तर दुकान राहू दे, तुझा विसा काढून इथेच कामाला बोलावतो.’ दुल्हाभाई, ती चिठ्ठी वाचल्यापासून मला जेवण जात नाय. मी डेपोत कंडक्टरला तिकीट मागायला घाबरतो, कधी कधी पुढच्या गावाचं तिकीट देतो तो, ते पण घेतो आणि चालत मागे येतो. शारजात माझं काय होईल? मग मी ठरवलं की जीव गेला तरी चालेल, टवका उडता नये.

पेटी तुडीलच्या घरी पडवीत उघडली. आत भुसा, भुशातनं एक तोंड वर आलं, हसणारं, निळ्या डोळ्यांचं आणि टकलं. (केस वेगळ्या पिशवीत होते ते नंतर कळलं.) अम्मीने असा आवाज काढला की शेजारची नशरा धावत आली. मग अम्मी बोलली, घरात पुतळा असला की फरिश्ते उंबऱ्यावरनं परत जातात, आणि पोटुशी बाई ज्याच्याकडे बघते तसं पोर होतं, निळ्या डोळ्यांचं टकलं पोर झालं तर इरशादला काय तोंड दाखवू? आपा बोलली, टकली तर सगळीच होतात गो अम्मी. अम्मीने तिलाच आत ढकललं. मला हुकूम झाला की आपाची वेळ यायच्या आत ही बया घरातनं गेली पायजे.

गेली पायजे हे बोलायला सोपं हाय. तुम्ही सांगितलं नाय की ती आतनं प्लास्टरने भरलेली हाय आणि पायाखाली लोखंडाची पाटी हाय. भाताची गोणी मी पाठीवर घेतो, तिला कान असतात, धरता येते. सिलेंडरला कडी असते. हिला धरायला काय? हात धरला तर हातच निघून माझ्याकडे आला, मी तो घाबरून शेळीच्या गवतात टाकला, मग माफी मागून परत बसवला. गळा धरला तर मला वाटलं मी खून करतोय. शेवटी पाटीला दोरी बांधली आणि पडवीतनं गोठ्यापर्यंत घसटत नेली. घसटताना मागे बघत होतो टवका उडाला का, आणि ती वर बघून हसत होती. आपा खिडकीतनं बोलली, घरात माझ्यापेक्षा जड कोणतरी आली म्हणून बरं वाटतंय, आणि ही पाठ दुखते असं पण बोलत नाय.

शुक्रवारी मालोजी आला. हा पोलादपूरकडचा, त्याचा चिऱ्यांचा टेम्पो हाय, आमची ओळख डेपोसमोरच्या चहाची, तो बोलतो आणि मी ऐकतो म्हणून टिकलीय. बाहुली घरातनं निघताना लोकांनी बघितली तर बेइज्जती म्हणून अम्मीने तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळली. चादर टेम्पोत उडेल म्हणून डोक्यावर, कमरेला आणि पायाशी अशी तीन ठिकाणी पट्टीने बांधली. गोठ्याचा वास मारत होता म्हणून आपाने वरनं अत्तर शिंपडलं. चादर मळेल म्हणून अजून एक हिरवी चादर घातली. दुल्हाभाई, तुम्ही हे वाचून आताच डोक्याला हात लावला असेल. मी नाय लावला. माझे दोन्ही हात पाटीखाली होते. मालो तिला उचलताना बोलला, चिरा परवडला रे, चिऱ्याला तोंड नसतं.

महाडात बाजाराच्या गल्लीत हातगाड्या लागल्या होत्या, टेम्पो आत जाईना. मालोकडे लाकडी शिडी होती. शिडीवर बाहुली आडवी बांधली, पुढे मालो, मागे मी, हातात धरून चाललो तर पाटी गुडघ्यावर बसत होती म्हणून शिडी खांद्यावर घेतली. खांदा असा दाबला की मान वाकडी झाली. मी मनात बोललो, अल्ला, कोणतरी मदतीला पाठव.

तेवढ्यात जुम्म्याची नमाज सुटली.

दुल्हाभाई, मदत आली. पयल्यांदा एक माणूस आला, टोपी सारखी केली आणि काय न बोलता माझ्या बाजूला शिडीला खांदा लावला. मग दुसरा. मग चार. मला एवढं हलकं वाटलं की पयलं मी शुक्रिया बोलणार होतो. मग बघतो तर सगळे कलमा पढतायत. मय्यतीला खांदा देणं सवाबाचं काम, आपल्यात कोण विचारत बसत नाय की कोणाची, लोक दुकान सोडून येतात. मला फक्त एवढंच बोलायचं होतं की ही मय्यत नाय. तीन शब्द. पण माझी जीभ अशी टाळूला चिकटली, जशी शाळेत कविता म्हणायला उभं केल्यावर चिकटायची. (शाळा त्यानेच सुटली, अम्मी सांगते तसं गणिताने नाय.)

एकाने विचारलं, मर्द की औरत? मी बोललो, औरत. हे खरंच हाय. ते ऐकून ज्याचा हात चादरीकडे गेला होता त्याने तो मागे घेतला, परक्या बाईचं तोंड कोण कशाला बघेल. माझा तो पण रस्ता बंद झाला. दुसऱ्याने विचारलं, कुठनं आणली? मी बोललो, शारजाहून.

ते मी बोलायला नको होतं. शारजा ऐकल्यावर कलमा अजून मोठ्याने सुरू झाला. आपल्याकडे प्रत्येकाचं कोण ना कोण तिथे हाय. मागनं अजून माणसं आली. डेपोसमोर छत्र्या दुरुस्त करतात ते अजमलचाचा माझ्या पुढे होते. त्यांचा मुलगा सौदीत दम्मामला कामावर असताना पडून गेला, तिथेच दफन केला, तुम्हाला माहीत हाय. बाकीचे दहा पावलं चालून खांदा बदलत होते, चाचा बदलत नव्हते. कोण बोललं, चाचा, सोडा आता, जड हाय. चाचा बोलले, असू दे जड, परदेशातनं आलीय बिचारी. मागे दोघं कुजबुजत होते की नेक माणसाची मय्यत हलकी असते म्हणतात, ही एवढी जड कशी? तर एक म्हातारा बोलला, मग तिच्यासाठी जास्त दुवा मागा, तोंडाने मापं कसली काढता. आणि सगळ्यांनी तुमच्या बाहुलीच्या गुनाहांची माफी मागितली. त्यात तिचा डावा हात चादरीतनं खाली आला, गुलाबी नखांचा. म्हाताऱ्याने तो अदबीने आत सरकवला आणि डोळे पुसले. किती थंड पडलीय, असं बोलला.

आपलं दुकान डाव्या बाजूने आलं. डाव्या बाजूनेच गेलं. मी शटरकडे बघत राहिलो.

मालोचं काय झालं विचाराल. त्याला लोकांनी कधीच मागे सारला होता. कोणीतरी त्याच्या डोक्याला रुमाल बांधला होता आणि तो माझ्या बाजूला हात हलवत मजेत चालला होता. तो बोलला, तुमच्यात माणसं लय चांगली रे मुसैब, सामान पण सगळे मिळून नेतात. आमच्याकडे दिवाळीत कपाट आणलं तर सख्खा भाऊ पण आला नाय.

कबरस्तानाच्या दारात राखणदार उभा. त्याने विचारलं, कबर कोणी सांगितली? इथे एक पण खोदलेली नाय. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शिडी खाली ठेवली. मौलाना पुढे आले आणि बोलले, बाईला कबरीत तिचा जवळचा उतरवतो, हिचा मेहरम कोण हाय? आणि सगळी गर्दी सरकली, आणि मधी मी एकटा राहिलो, आणि ज्याने मला औरत का मर्द विचारलं होतं त्याने माझ्याकडे बोट केलं.

मला समोर खड्डा दिसला, तो खोदलेला नसताना. मला वाटलं हिला पुरतील, मग तुम्ही माझा विसा काढाल. मग वाटलं हे उघडून बघतील आणि मलाच पुरतील, तर विसा तरी लागणार नाय. मी बोललो, ती दुकानाची हाय. मौलाना बोलले, काय? मग माझ्या आतनं एक आवाज आला, तो माझा नव्हताच, एवढा मोठा की झाडावरचे कावळे उडाले. मी ओरडलो, ‘ती दुकानाची बाहुली हाय! तिला ड्रेस घालायचाय!’

राखणदाराने डोक्याकडची पट्टी सोडली. ती हसत होती, निळ्या डोळ्यांनी, टकली.

मी डोळे मिटले आणि मार यायची वाट बघितली. मार आला नाय. मागे कोणतरी फुसकन हसलं, मग गप्प झालं, कारण सगळे अजमलचाचांकडे बघत होते. चाचा खाली बसले होते, खांदा चोळत. त्यांच्या खांद्यावर शिडीचा वळ उठला होता. दुल्हाभाई, मला सगळ्यात भीती त्या वेळेला वाटली. एवढा चांगला खांदा त्यांनी दिला, तो कोणाला दिला? चाचांनी तिच्या तोंडाकडे लय वेळ बघितलं. मग चादर परत नीट ओढली, हळू, जशी खरी असती तर ओढली असती, आणि मला बोलले, पोरा, एवढा आवाज होता तर बाजारात कुठे ठेवला होतास? मला रडायला आलं. मग ते उठले आणि लोकांना बोलले, काय बघता? ह्या दोघांनी उचलणार हाय का ती? दुकानापर्यंत घ्या. मी खांदा अर्ध्यात सोडत नाय.

आणि परत सगळ्यांनी उचलली. जाताना कलमा चालला होता, येताना गल्लीभर नुसता दंगा, अरे वर घे, अरे मौलाना बघतायत, तुझ्या लग्नात एवढी माणसं यायची नायत रे मुसैब. मी मान खाली घालून चालत होतो. दुकानात काचेत उभी केली तेव्हा चाचांनी तिचे केस स्वतः बसवले, उलटे.

तर बाहुली पोचली. दुकान ठरल्या दिवशी उघडेल. बायका आताच येऊन काचेतनं बघून जातायत. पण त्या आपसात बोलतात की कबरस्तानातनं परत आलेली ती हीच, आणि हिच्या अंगावरचा ड्रेस मला नको गो, घडीतला दाखवायला सांग. अम्मीला अजून काय कळलेलं नाय. ती तुडीलला हाय म्हणून. तुडीलची बस रोज असते म्हणून मी रोज घाबरतो.

मोठ्यांना सलाम, तुमच्या खोलीतल्यांना सलाम, शेठला सांगू नका.

तुमचा मेव्हणा,
मुसैब

ता. क. — टवका एक पण उडाला नाय. डावा हात मात्र सापडत नाय. मालो बोलतो कबरस्तानात राहिला असेल, तू जाऊन विचार. मी जाणार नाय. ओढणी त्या बाजूने सोडली की दिसत नाय. हात गेला म्हणजे टवका गेला असं होत नाय ना? चिठ्ठीत टवकाच लिवलं होतं.

ता. क. २ — खरं तर पत्र ह्याच्यासाठी लिवलं. अजमलचाचा रोज दुपारी छत्र्या बंद करून दुकानात येतात, बाहुलीशेजारी स्टुलावर बसतात. काल जाताना बोलले, तुझ्या दुल्हाभाईला लिव, शारजाहून आता सामान पाठवू नको, स्वतः चालत ये. तेव्हा माझा विसा काढू नका. तेवढ्या पैशात तुमचं तिकीट काढा. आणि तुम्ही मर्द बाहुली पण पाठवतो बोलला होतात, ती बोटीत चढवली असेल तर उतरवा. मर्द असेल तर लोक तोंड बघायला मागतील.

ता. क. ३ — काल इथवर आलो आणि राजेश सरांनी क्लास बंद केला, आज पुढे टायपतोय. आपाला मुलगी झाली. काल संध्याकाळी, महाडच्या दवाखान्यात. तुम्हाला एसटीडीवरनं फोन केला, तिकडचा माणूस बोलला इरशाद माल घेऊन ओमानला गेला. दोघी बऱ्या हायत. डोळे काळे, डोकं टकलं. अम्मीने ती माझ्या हातात दिली. वजन काहीच नाय, दुल्हाभाई. तरी पण मी हाका मारून आजूबाजूची सगळी माणसं गोळा केली, कोणतरी खालनं धरा म्हणून.