शेवटच्या डब्यातल्या दोन जागा

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, करमणूक उद्यानांतल्या राइड तपासणारी अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणी दबाव टाकलेला नाही. शरीराबद्दल एवढ्या खात्रीने लिहिता येत नाही. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे आणि तिची भिंत पातळ झाली आहे. उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया आहे. सर्जनांनी यशाची टक्केवारी सांगितली. ती वाईट नाही, पण तेवढ्या टक्केवारीवर मी कुठलीही राइड सुरू करू दिली नसती.

हा आजार आनुवंशिक आहे. आईला होता. माझ्या धाकट्या बहिणीला असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि ती तपासणी करून घेत नाही. पुढे घर, ठेव, हत्यारं सगळं येईल, पण हा कागद मी त्या तपासणीसाठी लिहीत आहे.

१. घर. दोन खोल्यांचा फ्लॅट सामानासह धाकटीला. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूला फिरवला की बंद होतो. तो मी बसवला आहे. प्लंबरला उगाच दोष देत आले.

वकिलांनी विचारलं होतं, "अट घालायची का? तपासणीचा अहवाल दाखवला तरच ताबा?" मी घातली होती, मग खोडली. धाकटी घर सोडेल, हट्ट सोडणार नाही. घर बिनशर्त तिचं.

२. बँकेतली ठेव बाबांना. त्यांनी ती जपून ठेवू नये. गुडघ्यावर उपचार करावेत आणि खिडकीशी ठेवायला एक बरी खुर्ची घ्यावी.

३. हत्यारं. लहान हातोडी मला आमच्या देखभाल विभागाच्या फोरमनकाकांना द्यायची होती. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असं वकील म्हणाले. मी म्हटलं, "काका, मी दुसरा साक्षीदार शोधते." ते म्हणाले, "हातोड्या माझ्याकडे पोत्याने आहेत. सही करायला कोण आहे तुझ्याकडे? आण इकडे पेन." म्हणून हातोडी माझ्या जागी येणाऱ्या तपासनीसाला द्यावी. घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, ढिला बद्द. हे पुस्तकात एका ओळीत आहे, कानाला कळायला दोन वर्षं लागतात. काकांनी मला एका वर्षात शिकवलं, बहुतेक वेळ ओरडून.

४. वही. तिच्यात मी बसलेल्या एकशे सदतीस रोलर कोस्टरांची नोंद आहे. वही धाकटीला, माझ्या मतांसह. ती मतं मी मागे घेत नाही:

लाकडी कोस्टर लोखंडीपेक्षा चांगला, कारण तो दर दिवशी थोडा वेगळा धावतो. पुढच्या डब्यातून दिसतं जास्त, मागच्या डब्यात कळतं जास्त. उलटं फिरवणारी वळणं फोटो काढणाऱ्यांसाठी असतात. खरी गंमत बसल्या जागी अंग हलकं होतं त्या दीड सेकंदात आहे. मांडीवरचा दांडा पुरतो, खांद्यावरून येणारे पट्टे फक्त कान सडकतात. उद्यानाची पारख सावलीतल्या बाकांवरून करावी. ज्या व्यवस्थापकाने आमच्या सगळ्यात जुन्या कोस्टरवर लोकांच्या डोळ्यांवर व्हीआर चष्मे बांधून आत सिनेमा दाखवला, त्याला मी माफ केलेलं नाही. मृत्यूनंतरही करणार नाही, याची नोंद घ्यावी.

५. बाबांसाठी एक निष्कर्ष. एकोणीस वर्षांपूर्वी बाबा आईला म्हणाले होते, "चल गं, पोरंटोरं बसतायत, तुला काय होतंय?" ती कोस्टरमध्ये बसली, हसत उतरली, आणि बाहेर गाड्या लावायच्या जागेत कोसळली. बाबांनी ते वाक्य नंतर कधी उच्चारलं नाही, पण त्यांना ते रोज ऐकू येतं हे आम्हा दोघींना माहीत आहे. मी आईचा जुना शवविच्छेदन अहवाल सर्जनांना दाखवला. रक्तवाहिनीची भिंत आधीच इतकी पातळ होती की बाजाराची पिशवी उचलतानाही हेच झालं असतं. बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही. हे मी मुलगी म्हणून नाही, तपासनीस म्हणून लिहीत आहे.

६. मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात कामावर शिडी चढताना छातीत कळ आली, तेव्हाच हा आजार उघड झाला असं घरात सगळे समजतात. धाकटी त्याच समजावर अडून बसली आहे. परवा माझ्या पलंगावर बसून संत्रं सोलत म्हणाली,

"ताई, तू शेकडो वेळा बसलीस. तुला ठाऊकसुद्धा नव्हतं. झालं का काही?"

"आता झालं ना."

"ते शिडीवर. कोस्टरमध्ये नाही. मला नको ती भानगड. कळलं की बसणं बंद आणि घाबरत जगणं सुरू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी तिच्या हातातली संत्र्याची फोड घेतली आणि तोंडात टाकली.

खरं असं आहे. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या आरोग्य तपासणीत कळलं. तेव्हा रक्तवाहिनीचा व्यास ४.१ सेंटीमीटर होता; साधारण तीन असतो. डॉक्टर म्हणाले, कोस्टर बंद, आणि बहिणीला घेऊन या. मी दोन्ही केलं नाही. त्यांनी दिलेल्या गोळ्या घरात कळू नयेत म्हणून जीवनसत्त्वांच्या बाटलीत भरून ठेवल्या. त्यानंतर आम्ही दोघी बेचाळीस वेळा बसलो, नेहमीसारख्या शेवटच्या डब्यात, ती डावीकडे. पुढच्या वर्षी व्यास ४.५ झाला, गेल्या वर्षी ४.९, यंदा ५.४. दोनदा उतरल्यावर छातीत दुखलं. "बुटाची नाडी सुटली," असं सांगून मी खाली बसले.

एका बोल्टच्या तड्यासाठी मी भर सुट्टीत राइड बंद केली आहे. व्यवस्थापक पाया पडायचे तेवढे बाकी होते. बहिणीला मात्र न तपासता चालू ठेवलं.

कारणही लिहिते. आई गेल्यावर धाकटी चार वर्षं कोणाशी धड बोलली नाही. ती बारा वर्षांची असताना मी तिला बाबांना चोरून पहिल्यांदा कोस्टरवर नेलं. ती उतरली आणि बोलत सुटली. बसमध्ये, जिन्यात, दाराशी चपला काढताना. तेव्हापासून आमचं जे काही खरं बोलणं झालं, ते तिथल्या रांगांमध्ये झालं. ते बंद होईल म्हणून मी भ्याले. हे कारण आहे, सबब नाही.

म्हणून धाकटे, "तुला ठाऊक नव्हतं आणि काही झालं नाही" हे तुझं गणित चुकीच्या आकड्यावर उभं आहे. तो आकडा मी दिला. मला ठाऊक होतं, आणि दर वर्षी काहीतरी होतच होतं.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी हा प्रघात मोडत आहे. याची एक प्रत फोरमनकाका आज चार वाजता धाकटीच्या हातात देतील. ती पाचला इथे रुग्णालयात येते. येण्याआधी तिने हे वाचलेलं असावं. तिला राग येईल. तो ऐकायला उद्या मी असेन का, हे सांगता येत नाही. आज आहे.

तपासणी याच इमारतीत तळमजल्यावर होते. तिचं नाव नोंदवलं आहे. रुळांतले तडे आम्ही ज्या ध्वनिलहरींनी शोधतो, त्याच वापरतात. वीस मिनिटं लागतात, दुखत नाही. खोली सहाला बंद होते. माझ्यावर ओरडून झालं की तिने खाली जावं. वर न येता, माझ्याशी एक शब्दही न बोलता, थेट तिथेच गेली तरी चालेल.

हा मजकूर मी वाचून पाहिला आहे. पहिल्या कलमातली खाडाखोड माझी आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही) थोरली मुलगी

साक्षीदार:
(सही) फोरमन, राइड देखभाल विभाग
(सही) शेजारच्या खाटेवरच्या बाई, निवृत्त शिक्षिका. दोन ठिकाणचं शुद्धलेखन त्यांनी सुधारलं

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खोली बारा
दिनांक: नऊ, बुधवार, दुपारी अडीच