तरसाचा खड्डा

आबा,

परवा मुखेडच्या बाजूला एका शिवारात बिबट्या पिंजऱ्यात सापडला. मला ते फोनवर दिसलं. आता सगळं फोनवरच दिसतं, बघायचं नसलं तरी. पिंजऱ्याभोवती दोनशे माणसं, प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. एकजण गजांवर काठी आपटत होता, जनावर उठून बसावं, फोटो चांगला यावा म्हणून. एका कडेला खाकी शर्टातला वाळकासा माणूस उभा होता आणि "मागं सरा, मागं सरा" म्हणत होता. कोणी सरत नव्हतं. मी बिबट्याकडे पाहिलंच नाही, त्या माणसाकडेच बघत राहिले. मग नंबर शोधून मी तिथल्या जंगल खात्याच्या कचेरीत फोन लावला आणि निवृत्त बाईला जितकं बोलता येतं तितकं बोलले. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही काय करणार, वरून ऑर्डर यायची हाय." इतकी वर्षं गेली आबा, जिल्ह्याच्या ठिकाणी काचेच्या इमारती झाल्या, आणि ऑर्डर अजून वरूनच यायची आहे. फोन ठेवला तरी राग उतरला नव्हता. तो राग फोनवरच्या माणसावरचा नव्हता हे मला लगेच कळलं. म्हणून लिहायला बसले.

तो उन्हाळा आठवतो? तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही, पण विचारते. पाऊस दोन वर्षं गावावरून नुसता निघून गेला होता आणि जिल्हा नवा झाला होता. अहमदपूरच्या स्टँडवर एसटीच्या पाट्या नव्या रंगवल्या होत्या, तहसिलीचे शिक्के बदलले होते, आणि लोक बोलताना अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव घेत होते. आमच्या होस्टेलची विहीर आटली म्हणून सिस्टरांनी परीक्षेआधीच मुलींना घरी पाठवलं. मी पंधरा वर्षांची, पांढरे मोजे घालून एसटीतून उतरले. वस्तीवर येईपर्यंत मोजे तांबडे झाले होते. आईने मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न केला, "आता तुझी आंघूळ कशात करायची माय?"

तुम्ही तेव्हा जंगल खात्यात रोजंदारीवर होतात. अकरा वर्षं रोजंदारी. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आलं होतं आणि ते तुम्ही कोणाला सांगत नव्हतात, पण तुमची दाढी रोज केलेली असायची. तुमचं काम पिंजऱ्याचं. आजूबाजूच्या चार गावांत कुठे कोल्हा, लांडगा, उदमांजर माजलं की पिंजरा बैलगाडीवर चढायचा आणि तुम्ही त्याच्यामागे चालायचात. मला त्या कामाची लाज वाटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण ते करताना मी तुम्हाला बघितलंय, चोरून. लावायच्या आठ दिवस आधी तुम्ही बिडी सोडायचात. हातांना वास नको म्हणून पिंजऱ्याचा एकेक गज शेणाने सारवायचात, माती चाळून आत पसरायचात, तळाचा पत्रा त्या मातीखाली गडप व्हायचा. त्याच पत्र्यावर पाय पडला की झडप खाली येते. वरून तुराट्या, बाजूला बाभळीचे फाटे. मागच्या कप्प्यात जाळीआड शेळी. बिडी सुटल्यामुळे त्या आठ दिवसांत तुम्ही सगळ्यांवर वसकायचात, फक्त त्या शेळीशी गोड बोलायचात. "तुला काय व्हत न्हाई गं, जाळी हाय मधी," असं तिला समजावताना मी ऐकलंय.

गावातल्या मेंढरांच्या वाड्यातून कोकरं जात होती, म्हणून गावाने पिंजरा मागितला होता. जनावरं मरत होती आणि माळावर नेऊन टाकली जात होती, त्या वासाने काय काय गावाजवळ यायला लागलं होतं. लांडगा असणार, असं तुम्ही म्हणालात. पाचव्या सकाळी झडप पडली आणि आत तरस होती. मादी. मी गर्दीतून पुढे घुसून पाहिली. पुढून उंच, मागून खचलेली, अंगावर कोळशाने ओढल्यासारखे पट्टे. तुम्ही उकिडवे बसून तिच्या पोटाकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "दूध हाय तिला. पिल्लं कुठंतरी नाल्यात असतील." कोकरं नेणारी ती नव्हे, ही मेलेलं खाणारी जात, हेही तुम्ही सांगितलंत. गावाने काही ऐकलं नाही. "पट्टेवालं हाय न्हवं? मग तेच," एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, "आता वाट कुणाची बघून राहिलाव? घाला कुऱ्हाड."

कुऱ्हाड तुम्ही घालू दिली नाहीत. झडपही उघडली नाहीत. झडप उघडायला कागद लागत होता. तुम्ही एसटीने अहमदपूरला गेलात, तिथून फोन लावला. जुनी कचेरी म्हणाली, गाव आता आमच्याकडे नाही. नवी कचेरी म्हणाली, गाव आमचं खरं, पण पिंजरा अजून जुन्यांच्या यादीत आहे, त्यांचं पत्र आणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. तेच. घरी येऊन तुम्ही आईला सांगत होतात आणि मी माजघरातून ओरडले, "पिंजरा एका जिल्ह्यात, जनावर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि अक्कल कुठल्याच जिल्ह्यात नाही!" तुम्ही हसलात. त्या तीन दिवसांत तेवढंच एकदा हसलात.

त्या तीन दिवसांचं मला अजून ऊन लागतं. बाभळीची सावली कसली, नुसती जाळी. ती आधी पिंजऱ्यात फेऱ्या मारत होती. मग गज चावू लागली, तोंड रक्ताने भरलं. दिवसभर माणसं यायची, खडे मारायची, थुंकायची. आपल्या वाटणीच्या दोन हंड्यांतलं पाणी तुम्ही डब्यात घेऊन जायचात आणि गजांमधून ओतायचात. आई म्हणाली, "लेकराच्या तोंडचं काढून तडसाला घालून राहिलाव." तुमचा पेला त्या दिवसापासून तुम्ही अर्धाच भरायला लागलात. मी तुमच्यामागे लागले होते. उघडा. रात्री राखणीचे दोघं-तिघं झोपेत असताना उघडा, सकाळी म्हणा निसटली. तुम्ही म्हणालात, "झडप आपसूक उघडत न्हाई माय. ते सगळ्यांला ठावं हाय." मी म्हणाले, "म्हणजे नोकरी जाईल म्हणून." तुम्ही म्हणालात, "हाव." इतकं साधं. मला वाटलं होतं तुम्ही निदान खोटं बोलाल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आडवी पडलेली होती. जीभ बाहेर, डोळ्यांवर माश्या. एकाने तुराटीने पोटात खुपसलं, कानात खुपसलं. हलली नाही. तुम्ही गजातून हात घालून तिच्या बरगड्यांवर ठेवलात, बराच वेळ ठेवलात, आणि उठून म्हणालात, "मेली." गाव निघून गेलं, मेलेल्या तरसात कोणाला काय रस. मी एकटी राहिले. सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात मी तुम्हाला म्हणाले, "तुम्ही मारलंत तिला. आणि तिच्या पिल्लांनासुद्धा. कागदाची वाट बघत मारलंत." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "घरी जा माय," म्हणालात, "टँकर यील आत्ता."

टँकर आला तशी अख्खी वस्ती हंडे घेऊन सडकेला पळाली. मीही आईबरोबर रांगेत होते. परत आलो तेव्हा पिंजरा रिकामा होता. शेजारचे गाडीवाले चाचा बैल जुंपत होते, आणि नाल्याच्या काठावर ताज्या मातीचा ढिगारा होता, वर दगड ठेवलेले. तुम्ही खोरं धूत होतात, म्हणजे कोरड्या मातीने घासत होतात. मी तुमच्याशी बोलले नाही. पुढचे चार दिवस बोलले नाही. होस्टेलच्या वहीची पानं फाडून मी नव्या जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिला, इंग्रजीत, खाली नाव न घालता, आणि परीक्षेपुरतं होस्टेलला परत जाताना स्टँडवरच्या पेटीत टाकला.

जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मला कसं कळत गेलं ते तुम्हाला माहीत नाही. तीन दिवस ज्यांना एक कागद लिहिता आला नाही, ते माझ्या कागदावर आठ दिवसांत जीप घेऊन आले. जनावर मेलं तर ते दाखवा म्हणाले. खड्डा उकरला. खड्ड्यात माती, माती आणि खाली कातळ. मग साहेबांनी तुम्हाला एकच विचारलं, कातडं कोणाला विकलं? सोडली म्हणून सांगितलं असतं तर हुकूम मोडल्याचा गुन्हा, आणि मागच्याच दोन दिवसांत गावाची आणखी दोन कोकरं गेली होती. वस्तीवर आपलं घर कडेचं, गावाचा राग पहिला तिथंच आला असता. तुम्ही म्हणालात, "कुत्र्यांनी उकरून नेलं आसंल साहेब." कोणालाच ते पटलं नाही. यादीतून तुमचं नाव गेलं, पाठोपाठ कामही गेलं. पुढचा सगळा उन्हाळा तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडलीत आणि नंतर औशाला धान्याच्या मोंढ्यात राखणदार म्हणून म्हातारे झालात. सुट्टीत घरी आले तेव्हा आईने मला एवढंच सांगितलं की कातडं विकल्याचा आळ आलाय. मी तो खरा मानला. आबा, मी तो खरा मानला. होस्टेलला जाताना मला नवी चप्पल घेतलेली होती, आणि मी मनात म्हटलं, ही त्यातूनच आली असणार.

त्याच सुट्टीत जेवताना तुम्ही भाकरी मोडत आईला म्हणालात, "साहेबानं अर्ज दाखिवला मला. वहीचा कागुद व्हता, कोपऱ्यात क्रूस छापलेला." आई म्हणाली, "मंग?" तुम्ही म्हणालात, "मंग काय न्हाई. साहेब म्हणले, ज्यानं कुणी लिवलंय त्याचं इंग्लिश लई फर्डं हाय." माझ्याकडे बघितलं नाहीत. आमटी वाढ म्हणालात. मी उठून आमटी वाढली.

खरी गोष्ट मला तुम्ही गेल्यावर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळली. वंदना झाली, पंगत उठली, आणि चाचा पडवीत माझ्याजवळ येऊन बसले. फार थकले होते. म्हणाले, "बेटी, एक बात सांगू का? ती तडस तुझ्या बापानं जित्ती सोडली. मी हुतो ना तिथं." ती जात जिवावर आली की मेल्याचं सोंग करून पडते, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि हाताखाली तिचं काळीज धडधडत होतं. झडप वर करून तुम्ही दोघं गाडीआड बसलात. "लई टाइम पडून राहिली. मंग एक डोळा उघडला, मंग मान. उठली, आन चालत गेली नाल्याकडं, पळाली सुद्धा न्हाई. तुझा बाप रडला बघ. म्हणला, चाचा, आता खड्डा खांदू." मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी, मी तर उघडा उघडा म्हणत होते. चाचा म्हणाले, "तू सच बोलणारी लेक हुतीस. त्याला डर वाटला, तू बोलून टाकशील."

मी त्यांच्यावर चिडले. तुमच्यावर चिडले. इतक्या माणसांत मोठ्याने म्हणाले की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. आणि तहसिलीत अव्वल कारकून म्हणून दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारत मी उरलेली नोकरी केली. वर लोकांना सांगत राहिले की माझे वडील या व्यवस्थेचे बळी होते. व्यवस्था! कचेऱ्यांनी फक्त उशीर केला होता. तुमचं नाव घालवणारा कागद माझा होता.

हे मी कुठे पाठवणार? जाळणारही नाही, तसला नाटकीपणा मला जमत नाही. कपाटात ठेवीन, पेन्शनच्या कागदांखाली. फक्त एक राहिलं. त्या अर्जात एक वाक्य होतं: जनावराला पिंजऱ्याने नुसतं धरलं, मारलं ते एका माणसाच्या भित्रेपणाने. इंग्रजीत ते आणखी नेटकं होतं. मी ते तीनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं, शब्द पुढेमागे करत. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे साहेबांसमोर कोणीतरी कारकुनाने ते तुम्हाला मराठीत सांगितलं असणार, आणि तुम्ही उभ्याने ऐकलं असणार. ते वाक्य पेटीत टाकून मी एसटीत बसले तेव्हा मला रडू येत नव्हतं. मी खूश होते, कारण ते चांगलं जमलं होतं. आबा, ते अजून मला पाठ आहे, आणि अजूनही, मोठ्याने म्हणून बघितलं की, चांगलंच वाटतं.