आणखी एक दार

प्रिय कॅलम,

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. काठी टेकत घरातल्या तिन्ही चौकांतल्या झाडांना पाणी घालतात आणि ॲडलेडच्या उन्हाळ्याला शिव्या देतात. तेव्हा काळजी नको.

मध्यंतरी एका मासिकाची माणसं बाबांनी स्वतः आखलेल्या या घराचे फोटो काढायला आली होती. बाबांनी त्यांना भिंती सरकवून दाखवल्या. म्हणाले, "कुटुंब वाढो, घटो, हे घर पुरतं. इथून कुणाला जावं लागत नाही."

खरंच लागत नाही. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी पूर्वेच्या चौकाला लागून आम्हाला वेगळं स्वयंपाकघर काढून दिलं. डीनला मेलबर्नला नोकरी मिळत होती, पण मी नव्या ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, वर्षभर थांबू. तो थांबला, आणि मग एकटाच गेला. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. सुताराला बोलावून मधली भिंत तेवढी काढली, मला आणि तान्ह्या इमोजेनला एकटं वाटू नये म्हणून. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला निवांत खोली हवी म्हणून ती भिंत परत आली. कुठल्याही खोलीत बसले तरी समोर काच, काचेपलीकडे झाडं, आणि झाडांपलीकडे हात हलवणारे बाबा. अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तू भांडून गेलास, सुटलास. माझ्याशी इथं कुणी भांडलंच नाही.

आता इमोजेनला तुमच्या होबार्टच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. जेवताना तिनं सांगितलं, तसं बाबांनी ताटली सारून पेन्सिल काढली. "मागच्या चौकातून तुला वेगळं दार काढू, पोरी. कधीही ये, कुणालाही आण. कॉलेजं काय, इथंही आहेत."

"माझं स्वतःचं दार, आजोबा?" तिचा चेहरा खुलला. आणि खरं सांगते, माझाही जीव भांड्यात पडला. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी मुद्दाम भांडण काढलं. तू आयतखाऊ आहेस म्हणाले, माझ्या जिवाला ओझं झालीस म्हणाले. ती रडली, मग दार आपटून खोलीत गेली आणि तिनं होबार्टचं तिकीट काढलं.

शनिवारी ती तुझ्याकडे येईल. आईनं हाकललं म्हणेल, म्हणू दे. रागानं ती माझे फोन घेणार नाही, म्हणून थोड्या दिवसांनी मी तुझ्याकडे फोन करीन. बाबा खचलेत, तुझं दार तयार आहे, असं काहीबाही तिला सांगायला बघेन, रडेनही. तेव्हा फोन तिच्या हातात देऊ नकोस. तेवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच,
रोझलिन